जुनी स्वस्त स्पोर्ट्स कार घेऊन घरी नीट करणे : पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घ्यावी का?

हॅरोकर

नमस्कार मंडळी. गाड्यांचं वेड असलेले इथे बरेच जण आहेत, म्हणून विचारतो.

लंडनला हॅरो भागात राहतो. घरामागे गॅरेज आहे आणि ते रिकामं करायला बायको तयार झाली आहे. अट एकच, आत जे येईल ते कधीतरी स्वतःच्या चाकांवर बाहेर पडलं पाहिजे. मला पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घ्यायची आहे. बॉनेटमधून दिवे वर येतात ती, १९८९ ते १९९७ मधली. वजन साधारण साडेनऊशे किलो, इंजिन पुढे, रिअर व्हील ड्राइव्ह, छप्पर हाताने मागे टाकायचं. नुसती फिरवायला नको आहे. उघडून, समजून घेऊन, हाताने नीट करायची आहे.

दोन गाड्या नजरेत आहेत :

(अ) १९९१ ची, लाल, १६०० सीसी, इथलीच. एमओटी (इथली दरवर्षीची सरकारी तपासणी) संपलेली, काही वर्षं सॉर्न करून, म्हणजे ‘रस्त्यावर आणत नाही’ असं सरकारला कळवून उभी. मागतोय १४०० पौंड. जाहिरातीत ‘सिलला (दाराखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीला) थोडं काम आहे’ असं लिहिलंय.

(ब) १९९२ ची युनोस रोडस्टर, म्हणजे हीच गाडी, जपानहून आणलेली. चालू आहे, एमओटी आहे. रंग उडालाय, छप्पर फाटलंय. मागतोय ३६०० पौंड.

सगळं मिळून पाच हजारांच्या आत बसवायचं आहे. ऑइल, ब्रेक पॅड, प्लग हे मी घरी करतो. वेल्डिंग येत नाही. कुठली घेऊ?

नानापेठ

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! पण हौसेला मोल नाही. घ्या आणि फोटो टाका.

मिशिगनचा_मावळा

(ब) घ्या. कारण सांगतो.

या गाडीचं इंजिन जवळजवळ अमर आहे. गिअरबॉक्स उत्तम. पार्ट आजही मिळतात. गाडी मरते ती फक्त गंजाने. आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, तुमच्याकडेही टाकतात. त्यात हिची एक खोड आहे. छपरावर पडलेलं पाणी मागच्या कडेने खाली उतरतं, सीटबेल्टच्या खांबामागे दोन्ही बाजूंना ड्रेनची भोकं आहेत, तिथून नळीने मागच्या चाकाच्या जरा पुढे जमिनीवर पडतं. भोकात पानं, माती, छपराचा भुसा जाऊन चिखल बसतो. मग पाणी उतरत नाही, सिलच्या पोटात शिरतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंग चकचकीत दिसतो आणि ज्या दिवशी फोड येतो त्या दिवशी आत काही उरलेलं नसतं.

त्यामुळे ‘सिलला थोडं काम’ या वाक्याची किंमत गाडीच्या किमतीएवढी धरा. दाराखालच्या पट्टीचा मागचा भाग, चाकाच्या कमानीला मिळतो तिथे, अंगठ्याने दाबून बघा. लोहचुंबक न्या. चिकटला नाही तर आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे, पत्रा नाही.

मागची_सीट

दोनच सीट आहेत म्हणजे मला कोणी विचारणारच नाही का? 😀

रिंचपाना

मावळ्याशी सहमत. त्यात भर घालतो.

नंबरप्लेटवरून एमओटीचा सगळा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. दोन्ही गाड्यांचा वाचा. ‘अॅडव्हायजरी’, म्हणजे पास करतानाच दिलेल्या सूचना, नीट बघा. एका वर्षी सिल गंजलंय अशी नोंद, पुढच्या वर्षी काहीच नाही आणि मध्ये वेल्डिंगचं बिल नाही, तर कोणीतरी काळं अंडरसील (गाडीच्या पोटाला लावायचा गंजरोधक लेप) फासलंय असं समजा. सीटबेल्टच्या आणि सस्पेन्शनच्या बोल्टपासून ३० सेंटिमीटरच्या आत सडलेला पत्रा असला तर एमओटी नापास. मागचं सिल नेमकं त्याच टापूत येतं.

आता १९९१ च्या गाडीबद्दल खास. सुरुवातीच्या १६०० इंजिनांत क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचं) पुढचं टोक आखूड आहे. टायमिंग बेल्ट बदलताना कोणी तो बोल्ट नीट आवळला नसेल तर चावी (पुली जागेवर धरणारी छोटी खीळ) झिजते, पुली डुलायला लागते, टायमिंग सरकतं. ओळखायची खूण सोपी आहे. पुढे वाकून क्रँक पुलीवरच्या खाचा मोजा. चार असतील तर आखूड क्रँक, आठ असतील तर लांब. चार असल्या तर गाडी टाकाऊ ठरत नाही, पण चालू इंजिनची पुली डुलत नाही ना हे बघायचंच.

सुरू केल्यावर वरून टिकटिक आली तर घाबरू नका. हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे, ऑइलच्या दाबावर चालणारे तुकडे) आहेत, जुनं ऑइल असलं की वाजतात. बऱ्याचदा चांगलं ऑइल आणि थोडं लांबचं ड्रायव्हिंग एवढ्यावर गप्प होतात. आणि या १६०० मध्ये टायमिंग बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. नवशिक्यासाठी याहून दयाळू इंजिन मला माहीत नाही.

ठिणगी

मी उलट सांगणार. धागाकर्त्यांनी लिहिलंय ‘हाताने नीट करायची आहे’. मग (ब) घेऊन काय नीट करणार? छप्पर बदलणार, पॉलिश मारणार, संपलं. वेल्डिंग येत नाही हे कारण असू शकत नाही, ते शिकता येतं.

मी कव्हेंट्रीजवळ राहते. कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात मिग वेल्डिंग शिकले. वर्गात तीसेक वर्षांचा अनुभव असलेले लोहारही होते आणि माझ्यासारख्या ऑफिसातून थेट येणाऱ्याही. गाडीचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा. सलग ओढ काढली की भोक पडतं. म्हणून एक टाका इथे, एक टाका वीतभर लांब, मध्ये थंड होऊ द्यायचं, मग परत मधल्या जागा भरत यायचं. पहिल्या दिवशी भोकंच भोकं पडतात. नंतर एका संध्याकाळी टाका घालताना आवाज बदलतो, तव्यावर काहीतरी एकसारखं तडतडावं तसा, आणि हाताला कळतं की आता पकडलंय. त्यानंतर मागे वळून बघावंसं वाटत नाही.

माझ्या एमएक्स-५ ची दोन्ही सिल मी कापून बसवली. ज्यांना करायचं आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट ठळक लिहिते : सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी वेल्ड करून घ्या. या गाडीला छप्पर नाही, म्हणजे वरून आधार नाही. सगळा भार सिलवर. सिल कापलं की गाडी मधोमध बसते आणि नवीन सिल त्या वाकलेल्या अवस्थेत वेल्ड झालं की दार जन्मात लागत नाही. आणि एका वेळी एकच बाजू.

आकडेमोड

भावना बाजूला ठेवून हिशोब करतो.

(अ) : १४०० गाडी. ठिणगीताईंचं कौतुक आहे, पण त्यांच्यासारखं सगळ्यांना जमणार नाही. मला दोन्ही सिल आणि मागच्या कमानी मिळून एका वर्कशॉपने १२०० सांगितले होते. टायर चार, ब्रेक कॅलिपर (उभ्या गाडीचे जाम होतातच), क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, पेट्रोलची टाकी साफ, बॅटरी, बेल्ट. छप्पर तिचंही धड असेल असं नाही. पाच हजार इथेच झाले आणि रंग अजून बाकी.

(ब) : ३६०० गाडी, छप्पर, बेल्ट, किरकोळ. पाच हजारात बसते आणि पहिल्या दिवसापासून चालते.

शिवाय तुम्ही हॅरोला आहात. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो (पालिका विभाग) यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांकडून दिवसाचे पैसे घेणाऱ्या क्षेत्रात आहेत. पेट्रोल गाडीला युरो ४ हा धुराचा निकष लागतो, नव्वदच्या दशकातली बहुतेक बसत नाही. ज्या दिवशी घराबाहेर काढाल त्या दिवशी १२.५० पौंड. रोड टॅक्स जुन्या पद्धतीने इंजिनाच्या आकारावर, १५४९ सीसीच्या वरची म्हणून वर्षाला साडेतीनशेच्या आसपास.

खरं तर सर्वात स्वस्त रिस्टोअर केलेली गाडी म्हणजे दुसऱ्याने रिस्टोअर करून विकायला काढलेली. त्याचे पैसे बुडतात, आपले वाचतात.

ठिणगी

@आकडेमोड, हिशोब बरोबर आहे, पण तुम्ही ‘गाडी’ विकत घेताय आणि धागाकर्ते ‘काम’ विकत घेताहेत. मला त्या हिवाळ्याचे पैसे कोणी परत देऊ केले तरी नको आहेत.

काळीपिवळी

वाचून हात शिवशिवले, म्हणून थोडं अवांतर.

माझ्याकडे डोंबिवलीत प्रीमियर पद्मिनी आहे. स्पोर्ट्स कार नाही, पण वडिलांनी आयुष्यभर पद्मिनी टॅक्सी चालवली म्हणून मी तीच घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी मुद्दाम गाडी बाहेर काढून धुतली होती.

आपल्याकडे जुनी गाडी ठेवायची तर कागद हा वेगळा सांभाळायचा विषय. पंधरा वर्षं झाली की आरटीओत तपासणी आणि नोंदणीचं नूतनीकरण, ते पाच वर्षांसाठी. एप्रिल २०२२ मध्ये कारची ती फी ६०० वरून ५००० रुपये झाली होती, वर पर्यावरण कर. पन्नास वर्षांच्या पुढची गाडी असेल तर २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते, पण ती रोज फिरवता येत नाही.

पत्र्याचं दुखणं मात्र सगळीकडे तेच. आमच्या मिस्त्रींचं म्हणणं : इंजिन बोलतं, पत्रा बोलत नाही. दार उघडून खालच्या कडेवर बोट फिरवल्याशिवाय ते कुठल्याच गाडीबद्दल मत देत नाहीत.

फक्त_वाचक

ही एमएक्स-५ भारतात आणता येते का हो?

नानापेठ

वापरलेली गाडी आयात करायला ती बनल्यापासून तीन वर्षांच्या आतली लागते आणि ड्युटी बघून डोळे पांढरे होतात. नव्वदच्या दशकातली नाहीच.

आपल्याकडे हौस भागवायची तर त्याच्या जरा नंतरच्या इथल्याच गाड्या बघा. फियाट पालिओ १.६, होंडा सिटीची पहिली व्हीटेक. स्पोर्ट्स कार म्हणता येणार नाहीत, पण चालवून बघा. पार्टसाठी नाना पेठेत या, चहा माझ्याकडून.

गोंयकार

आणि सॅन स्टॉर्म विसरलात? नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या गोव्यात बनलेली दोन सीटची, कापडी छपराची गाडी! रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, वर फायबरची बॉडी. फारच थोड्या बनल्या. आमच्या वाड्यावर एक होती, पावसाळ्यात फणसाखाली उभी असायची.

फायबर सडत नाही म्हणून लोक खूश असतात, पण आतलं लोखंड सडतंच, फक्त दिसत नाही. आणि खरी अडचण वेगळी. इंजिनाचं काहीही जमवता येतं. पुढची काच फुटली की संपलं. दिवा, रबर, दाराची कडी, हे कुठून आणणार? म्हणून हॅरोकरांना माझं सांगणं, एमएक्स-५ घेताय हे फार उत्तम करताय. सगळ्या पिढ्या मिळून दहा लाखांच्या वर बनलेली गाडी आहे. माझदाने तर २०१७ मध्ये जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या स्वतः रिस्टोअर करून देण्याची योजना जाहीर केली आणि छपरापासून टायरपर्यंत काही वस्तू नव्याने बनवायला घेतल्या. अशी कंपनी पाठीशी असलेली जुनी गाडी मिळणं हे भाग्य आहे.

मागची_सीट

फणसाखाली कापडी छपराची गाडी!! फणस पडला नाही ना कधी?

गोंयकार

पडला. बॉनेटवर. फायबर असल्याने तडा गेला, पण मिस्त्रीने दुपारभरात जोडला. पत्र्याच्या गाडीला खड्डा पडला असता.

बे_एरियातला

इथे कॅलिफोर्नियात गंज हा विषयच नाही, तीस वर्षांच्या मियाटा (एमएक्स-५ चं इथलं नाव) खालून नव्यासारख्या निघतात. पण १९७६ आणि त्यापुढच्या पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग तपासणी लागते. त्यामुळे इंजिनात ‘सुधारणा’ केलेली स्वस्त गाडी दिसली की आधी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) मूळचा आहे का ते बघतो. पत्रा बघायचा की धूर, ते तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं.

जपानहून आलेल्या युनोसचं नशीबही आमच्यासारखंच. तिथे बऱ्याच भागांत रस्त्यावर मीठ नसतं आणि स्टिअरिंग तुमच्याच बाजूला. फक्त ती इंग्लंडमध्ये कधी आली ते विचारा. आल्याला वीस वर्षं झाली असतील तर तिनेही तेवढे इंग्लिश हिवाळे खाल्लेत.

रिंचपाना

बे_एरियातला यांचा शेवटचा मुद्दा सोन्यासारखा आहे. आणखी दोन जागा : डिकीतली बॅटरी. मूळ बॅटरी वेगळ्या प्रकारची असते, वाफ नळीने बाहेर जाते. कोणी साधी स्वस्त बॅटरी ठेवली असेल तर आम्लाने डिकीचा तळ खाल्लेला असतो. ती उचलून बघू द्या म्हणावं. दुसरं, सस्पेन्शनच्या खालच्या आर्मचे लांब बोल्ट. ते बुशमध्ये गंजून एकजीव होतात, मग अलाइनमेंट होत नाही. ग्राइंडरने कापण्यात माझे कित्येक शनिवार गेले आहेत.

आणि कृपया, नुसत्या जॅकवर गाडी उचलून खाली झोपू नका. अॅक्सल स्टँड दोन्ही बाजूंना, मग गाडी हलवून बघायची, मगच खाली जायचं. यात तडजोड नाही.

हॅरोकर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

यूलेझचा विचार केला आहे. गॅरेजमध्ये उभी असताना पैसे लागत नाहीत आणि मी ती रविवारीच काढणार. शिवाय चाळीस वर्षं पूर्ण झाली की पुढच्या एप्रिलपासून गाडी ऐतिहासिक वर्गात जाते, मग यूलेझही नाही आणि रोड टॅक्सही नाही. १९९२ च्या गाडीला ते एप्रिल २०३३ पासून. तोवर मुलगा गाडी शिकण्याच्या वयाचा होईल.

शनिवारी रिंचपाना सोबत येतो म्हणाले आहेत. दोन्ही बघून सांगतो.

मिशिगनचा_मावळा

पावसात बघायला जा. कोरड्या दिवशी सगळ्याच गाड्या चांगल्या असतात.

हॅरोकर

बघून आलो. पाऊस होताच.

(अ) : माणूस सज्जन, चहा दिला, काही लपवलं नाही. एमओटीच्या इतिहासात सिलच्या गंजाची अॅडव्हायजरी लागोपाठ येत होती आणि शेवटी त्यावरच नापास. खाली वाकलो तर डाव्या सिलला नवं काळं अंडरसील. रिंचपानांनी स्क्रूड्रायव्हरची मूठ पुढून मागे ठोकत नेली. पुढे टण्‌ टण्‌, दारापर्यंत टण्‌ टण्‌, आणि चाकाच्या वीतभर आधी आवाजच मेला. भिजलेल्या पुठ्ठ्यावर मारावं तसा. चुंबक तिथून घसरून पडला. सीटमागचं कार्पेट उचललं तर खाली पाणी. पुलीवर चार खाचा.

(ब) : ड्रेन इथेही तुंबलेले होते, पण सिल दोन्हीकडे टोकापर्यंत टण्‌. सीटमागे ओल आहे, गंज वरवरचा. आठ खाचा. टॅपेट वाजतात. बॅटरी बरोबर जातीची, डिकी कोरडी. ग्लोव्ह बॉक्समध्ये जपानी सर्व्हिस बुक, शिक्क्यांसकट. छपराची मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडून दुधासारखी झालीय, काही म्हणता काही दिसत नाही.

३३०० ला घेतली. ठिणगीताई, वेल्डिंगच्या वर्गात नाव नोंदवलं आहे. जॅक लावायच्या कडा दुमडल्यात आणि एका कमानीला फोड आहे, हात बसला की ते मी करणार.

ठिणगी

अभिनंदन! मी (अ) च्या बाजूने होते, पण हे वाचून तुम्हीच बरोबर. त्या वर्णनात डाव्या बाजूचा सीटबेल्टचा पायाही गेलेला असणार.

वेल्डिंगच्या आधी एक काम आजच करा : ड्रेन मोकळे करा. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी वरून अलगद सरकवायची. तार घालू नका, नळी फाटते. खालून काळा चिखल पडेल, मग स्वच्छ पाणी येईपर्यंत ओतत राहा. सीट आणि कार्पेट काढून पूर्ण वाळवा. उन्हाळ्यात गाडी कोरडी असताना सिलच्या आत कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारून घ्या, सांध्यांमधून ठिबकेपर्यंत.

आकडेमोड

अभिनंदन. १७०० शिल्लक. त्यातले ३०० अडीअडचणीला बाजूला ठेवा आणि त्यांना हात लावू नका.

हॅरोकर

ड्रेन झाले. डाव्या बाजूने एवढा चिखल निघाला की कुंडी भरली असती.

आता छप्पर. कोणी घरी बसवलंय का? वर्कशॉपवाले मजुरीच गाडीच्या किमतीच्या हिशोबात सांगताहेत.

बे_एरियातला

मी बसवलंय, जमतं. दोन दिवस धरा आणि ऊन असलेला दिवस निवडा, कापड गरम असलं की ओढ बसते. अख्खी चौकट बोल्ट काढून बाहेर घ्या आणि टेबलावर काम करा, गाडीत वाकून करू नका. काचेच्या मागच्या खिडकीचं छप्पर मिळतं, तेच घ्या. प्लॅस्टिकचीच ठेवणार असाल तर छप्पर मागे टाकताना प्रत्येक वेळी आधी तिची चेन उघडायची, नाहीतर घडी पडून तडकते.

आणि जुनं कापड काढताना मागच्या कडेची रेन रेल जपून. तीच छपरावरचं पाणी ड्रेनकडे नेते. रबर वाळून चिरलेलं असेल तर ती नवीनच मागवा, छपराबरोबर एकाच पार्सलात. चिरलेल्या रेलवर नवं छप्पर बसवलं तर पाणी परत सीटमागेच येणार.

रिंचपाना

रेल माझ्याकडे एक सुटी पडली आहे, चांगल्या अवस्थेतली. शनिवारी घेऊन येतो. पॉप रिव्हेट गन तुमच्याकडे आहे का, की तीही आणू?